पुनाजी थूल आणि त्याची खुंट्यांची फळी

पुनाजी थूल चौथी शिकलेला. आष्टीकडच्या एका विकास कचेरीत भांडारावर हरकाम्या. सब्बली द्या, घमेली मोजून घ्या, साहेबांचा चहा आणा. पण त्या कचेरीत डोकं कुणाचं चालत असेल तर त्याचंच, हे मी साहेबांच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

सत्तावन्न सालच्या सुरुवातीला बारा विहिरींचं काम निघालं. वरची माती लोकांनी श्रमदानानं काढायची, खाली खडक लागला की कचेरीनं सुरुंगवाले पाठवायचे. सुरुंगवाल्यांची टोळी एकच, आणि साहेब तीच टोळी एकाच दिवशी तीन गावांना कबूल करून मोकळे! मग ज्या पाटलाचा आवाज मोठा, त्याच्याकडे टोळी.

पुनाजीनं मोडक्या दाराची फळी भिंतीला टेकवली. बारा विहिरींच्या बारा आडव्या ओळी, आठवड्यांच्या उभ्या रेघा, जागोजाग खुंट्या. टोळी एक, म्हणून लाल चिंधीही एकच. एका खुंटीवर अडकवली की दुसरीवर लागणार कशी? पाणी उपसायच्या पंपाची निळी चिंधी, तीही एकच. वर नियम लिहिला: ज्यांची माती आधी निघेल, त्यांच्याकडे टोळी आधी. पाटील यायचे, फळीकडे बघायचे आणि गुमान परत जायचे. मला तर लय मजा वाटली. इथंच आम्ही दोघं चुकलो.

बारावी ओळ आमच्याच, म्हणजे पुनाजीच्या नि माझ्या वस्तीची होती. आदल्या दसऱ्याला वस्तीनं धम्म घेतला. त्याआधी आमच्या बाया गावच्या विहिरीशी घागर ठेवून ताटकळायच्या, कोणी वरून ओतेल म्हणून. धम्म घेतल्यावर ते ताटकळणं सोडलं. आता नाल्याच्या वाळूत उकरलेला झिरा, आणि वाटीवाटीनं भरलेली घागर. विहीर मिरगाच्या आत व्हायला हवी होती, कारण मिरगाला टोळी निघून जाणार.

बाकीच्या गावांत माणसं मोकळी, बैल मोकळे. आमचे गडी सालदार. मालकाचं काम सुटेना, खोदायला दिवस एकच, बाजाराच्या सुट्टीचा. वैशाखात बाकीच्यांची माती निघाली, आमचा खड्डा छातीएवढा.

कारकून ताराचंद फळीपाशी उभा राहून टोचायचा, "काऊन पुनाजी, तुमच्या वस्तीचे लोक झोपून राह्यले का? नियम त तुमचाच हाये."

साहेब वेगळंच म्हणाले, "अरे, लाव ना चिंधी तुमच्या ओळीला. मी बघितलंच नाही असं समज."

पुनाजीनं हात लावला नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन मी भडकलो.

"नियमच बदल ना! ज्याले पाणीच नाई त्याले आधी, असं लिही."

"सकाळी लिहून नेलतं. साहेब म्हणते, पुढच्या साली पाहू. अन् आपणच बदलला त लोक काय म्हणतील? आपली पाळी आली तशी फिरला."

त्याची बायको भागाबाई चुलीपाशी होती. "तुमच्या फळीले तहान लागत नाई," ती म्हणाली, "मले लागते."

पुनाजीनं बिनपगारी रजा टाकली आणि एकटाच खड्ड्यात उतरला. बाजाराच्या दिवशी सगळी वस्ती उतरली. सब्बल खडकावर वाजली तेव्हा पुनाजी नाचला नाही, हसलाही नाही. टोळीची गाडी दोन दिवसांपूर्वीच नागपूरच्या वाटेला लागली होती.

आठवड्यानं साहेबांचं फर्मान आलं: फळी फार कामाची, शेजारच्या कचेरीसाठी तशीच दुसरी बनव. पुनाजीनं एक रकाना वाढवला. कोणत्या वस्तीत खोदायला माणसं किती, त्यांना मोकळे दिवस किती. साहेबांनी तो रकाना खडूनं खोडला. "कशाला गुंता वाढवतोस? आहे तशीच चांगली आहे."

दुसऱ्या सकाळी त्याच्या घरी मी म्हटलं, "लाथ मार त्या नोकरीले! उद्याच्या उद्या."

"मारली असती रे. पण मी उठलो का त्या खुंट्या ताराचंदच्या हाती जाते. मंग आपली ओळ बारावी बी राह्यत नाई, पुसूनच टाकते तो."

 

भागाबाईनं घागर उचलली, वाटी तिच्यात टाकली. जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "डबा बांधून ठेवला हाये. कचेरीची वेळ झाली तुमची."

पुनाजीनं टोपी घातली आणि निघाला.