आबा कलंडू नयेत म्हणून

गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी दांडा असतो, हे मला वयाच्या बेचाळीसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आणि कळलं तेव्हा त्या एका दांड्यावरून मला अक्कल शिकवायला जो तो टपून बसलेला निघाला.

झालं असं, की आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परतलं, पण डावी बाजू गेली. ते बारामतीजवळच्या कळंबला माझ्या धाकट्या भावाकडे राहतात. मी बारामतीत, एमआयडीसीत दूध तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईही बारामतीतच. म्हणून सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी मी गाडी घेऊन कळंबला जायचं, आबांना आणायचं, व्यायाम झाला की परत सोडायचं आणि दुपारच्या पाळीला हजर व्हायचं, असं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे. आता अंग धरलं नाही, तर पुढे धरणं अवघड."

माझी गाडी जुनी, उंच आणि अंगाने अरुंद. वळणावर चांगलीच कलंडते. एकटी चालवताना मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण आबांना शेजारी बसवून परत येताना जंक्शन गावच्या चौकात उजवीकडे वळले, आणि आबा गेले डावीकडे. डोकं खाडकन काचेवर. सीटचा पट्टा छाती धरतो, कंबर कोण धरणार? मी गाडी थांबवून त्यांना सरळ केलं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. उशी लावून बघितली, तर आबांनी उजव्या हाताने मागे भिरकावून दिली. "मी काय बाळंतीन हाय व्हय?"

तीस वर्षं कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर ओढलेला माणूस हा. मागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या, आणि एकही कधी उलटू दिली नाही. आता बसल्या जागी स्वतःच उलटत होता.

एका शुक्रवारी वळणावरच उसाचा ट्रॅक्टर आडवा आला म्हणून थांबावं लागलं. वरच्या ड्रायव्हरने आबांना ओळखलं आणि खाली वाकून ओरडला, "आबा, रामराम!" आबा तेव्हा दाराला टेकून वाकडे झालेले, टोपी पायात. त्यांना मान वर करता येईना. मी हात घालून सरळ करेपर्यंत ट्रॅक्टर निघून गेला.  घरी उतरताना आबा म्हणाले, "सोमवारपासनं मी न्हाय यायाचा. मला न्हाय जमत असं गाठोड्यावानी जायाला."

मी समजावलं, ओरडले, रडले. म्हातारा ढिम्म. डॉक्टरीणबाई घरी येण्यातल्या नव्हत्या. मग मी पदर खोचला. म्हटलं, गाडी कलंडते ना? गाडीच सरळ करते!

लॅबमधल्या एकाने सांगितलं की डावं-उजवं चाक जोडणारा एक दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. गाडी वळणावर झुकली की तो पिळतो आणि तिला आवरून धरतो. बाजारात कंपनीच्या बारपेक्षा जाड बार मिळतात, त्यातला एक बसव. झालं! तिथून माझा जीव मेटाकुटीला आला. कुणी म्हणे पुढचा बदल, कुणी म्हणे मागचा. एक म्हणे भरीव घे, दुसरा म्हणे पोकळ. मोबाइलवर पुण्याची पोरं घाटात गाड्या पळवून दाखवत होती. अरे बाबांनो, मला शर्यत नाही लावायची, मला म्हातारा सरळ बसवायचाय! भाऊ तर कहरच. तो पिकअप चालवतो, त्याचं सगळं ज्ञान दुधाच्या कॅनपुरतं. म्हणतो, "मागं खताची दोन पोती टाक, गाडी दबून चालंल." मी त्याला म्हटलं, तूच बस मागं पोत्यासारखा.

गॅरेजचा मिस्त्री मात्र ठाम होता. "सगळ्यात जाड टाकायचा. वजनदार ते टिकतं." हे तो माझ्यासोबत आलेल्या भावाकडे बघून बोलला. गाडी माझी, कागद माझ्या नावावर, चालवणार मी, विचारतेय मी, आणि उत्तर भावाला! "मिस्त्री, हितं बघा," मी म्हटलं. त्याने बघितलं, मान हलवली, आणि पुढचं वाक्य पुन्हा भावाला. फोन नंबरही त्याचाच लिहून घेतला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण गरज मला होती.

जाड बार बसला. बारामतीच्या गुळगुळीत रिंगरोडवर गाडी अशी वळली की मी एकटीच "वा!" म्हणून ओरडले. कळंबला जाऊन आबांच्या हाता-पाया पडले. एकदाच या, म्हटलं. आले बिचारे.

आणि तिथेच माती खाल्ली. आमच्या भागातला रस्ता दोन बाजूंनी दोन तऱ्हेचा असतो, हे या मातीत जन्मून माझ्या ध्यानात येऊ नये? भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याकडे जाताना डावीकडून जातात, रिकाम्या दुसऱ्या अंगाने परततात. म्हणून भरल्या बाजूला डांबर दबून चाकोऱ्या पडतात. गाडीचं एक चाक चाकोरीत, एक वर. साधा बार असता तर एका चाकाचा धक्का बराचसा त्या चाकापुरता राहिला असता. या जाडजूड बारने तो इमानेइतबारे दुसऱ्या चाकाला पोचवला. वळणावर आबा सरळ राहिले, पण सरळ रस्त्यावर त्यांची मान डावी-उजवी, डावी-उजवी, सुपात पाखडल्यासारखी. "थांबीव!" ते ओरडले. "आगं, ही गाडी हाय का उखळ?"

परत आणून घरी सोडलं. तोंड दाखवायला जागा नव्हती.

भावाला घेऊन गॅरेजमध्ये गेले आणि म्हटलं, काढा हा सोटा आणि जुना बसवा. मिस्त्री डोकं खाजवत भावाला म्हणाला, "जुना तर भंगारात गेला." माझा जुना बार! मला न विचारता! मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मी स्वतः पंजाबी ड्रेसवर खड्ड्यात उतरले, गाडीखाली बॅटरी मारून सगळं नीट बघितलं, आणि ठरवलं: मधल्या जाडीचा, टोकाला दोन-दोन भोकं असलेला, म्हणजे कडक-मऊ करता येईल असा. तो पुण्याहून मागवायचा होता. मिस्त्री म्हणाला, वेळ लागंल. लागू दे.

तीन आठवडे गाडी तिथेच पडून. आबांचा व्यायाम बंद. मी रोज मनात आठवडे मोजायची. भावाला फोन केला की तो म्हणायचा, "हायत बरं, बसल्यात ओट्यावर." कसे बसलेत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी भावाने सांगितलं, मिस्त्री गाडी घिऊन जा म्हणतोय. मी शुक्रवारी पहाटे गॅरेजबाहेरून गाडी उचलली, चावी तिथल्या पोराने दिली, आणि तडक कळंब गाठलं. आबांना म्हटलं, "शेवटचं. आता पडला तर परत नाव काढायची न्हाय." त्यांनी टोपी मागितली.

गाडी मला जरा जास्तच लोळल्यासारखी वाटली. पण नव्या बारला हात सरावायला वेळ लागतो, असं माझं मीच मला समजावलं. चाकोऱ्यांवर धक्का जाणवला नाही. परतताना जंक्शनला उजवीकडे वळताना मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. आबा सरळ. नंतरच्या वळणालाही सरळ! जरा झुकले, आणि आपले आपण परत वर आले. मी स्टिअरिंगवर थाप मारली. "बघा आबा! ह्याला म्हणत्यात बार निवडणं!" आबांनी मान डोलावली. "ब्येस हाय तुजा दांडा," म्हणाले.

व्यायाम उरकून कळंबला घरी पोचलो तर भाऊ अंगणात उभा. मी गाडीतूनच सुरू केलं, की तुझी पोती आणि तुझा मिस्त्री दोघंही कसे चुकले आणि मी कशी बरोबर. तो कानामागे खाजवायला लागला. "ताई, त्ये एक सांगायचं राहिलंच बघ. बार आजून आलाच न्हाय. जाडवाला काढून ठिवलाय, आन गाडी मोकळीच हाय खालनं. मिस्त्रीनं काल फोनवर सांगितलं व्हतं, ताईला म्हणावं हळू चालीव."

"मला का नाही सांगितलं मेल्या?" मी असं ओरडले की शेजारची म्हातारी बाहेर आली. "आबा होते गाडीत! काही झालं असतं म्हंजी?"

  राग कुणाचा करू तेही कळेना. आबा अजून सीटवरच, पट्टा लावलेला, पाय दाराबाहेर काढायच्या तयारीत. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"आबा, गाडीत बार नव्हताच," मी म्हटलं. "नुसती गाडी. नेहमीपेक्षाही जास्त कलंडत होती."

 आबा शब्द जुळवत म्हणाले, "मंग मला धरलं कुणी?"

भाऊच बोलला. "तीन आठवडे झालं, रोज सकाळ-संध्याकाळ ओट्याच्या कडंला टेकू न घेता बसत्यात. मी धराया गेलो तर शिव्या घालत्यात. म्हणत्यात, तिच्या गाडीचा काय भरवसा न्हाय, आपलं आपुन बघाया पायजे."

मी तोंडावर ओढणी धरली. हसत होते का रडत होते, देव जाणे. आबांनी उजव्या हाताने पट्टा सोडला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि उठता उठता विचारलं, "सोमवारी किती वाजता येतीस?"