वन्स मोरवाल्या काकू

वन्स मोर मागण्याआधी त्या चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या. मग खुर्चीचे दांडे दोन्ही हातांनी धरून अर्धवट उठायच्या आणि असा खणखणीत आवाज लावायच्या, की मागच्या रांगेतले डुलक्या काढणारेही दचकून टाळ्या वाजवू लागत. चष्मा का काढता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "ओरडताना पडतो रे. एकदा थेट तबलजीच्या पायाशी गेला होता."

दादर-गिरगावात संगीत नाटकांना तुम्ही जात असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. निदान ऐकलं तरी असेल. पहिली रांग, पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्रीची सुती साडी. माहेर गिरगावचं. विमा कचेरीतून निवृत्त होऊन भोईवाड्यात आमच्याच इमारतीत एकट्या राहायच्या. स्वतः कधी गायल्या नाहीत. "मला गळा नाही, कान आहेत," म्हणायच्या. आणि दुसरं एक ठरलेलं वाक्य होतं, "ऐकणाऱ्यानं हात आखडू नये."

त्यांनी तो कधीच आखडला नाही. सोसायटीच्या गणपतीत एकदा आमच्या चेअरमननी आभारप्रदर्शनाच्या शेवटी एक ओवी म्हटली. काकूंनी तिलाही वन्स मोर दिला. चेअरमन इतके खूश झाले, की त्यांनी ओवीसकट सगळं आभारप्रदर्शन पुन्हा केलं. मंडपात प्रसादाच्या रांगेत उभे असलेले लोक काकूंकडे असे बघत होते की विचारू नका.

आमच्या हौशी मंडळानं नंतर एक संगीतिका बसवली. मी त्यात निवेदक. सगळी गोष्ट गाण्यातूनच, मध्ये गद्य संवाद नाहीत. गिरणी बंद पडल्यावर डिलाईल रोडवरची खोली सोडून कोकणात परतणाऱ्या जोडप्याची गोष्ट होती. बायकोचं काम केतकीकडे होतं. केतकी शेजारच्या इमारतीतली सून, परळला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरीला. प्रयोगाच्या आठवड्यातच तिचा घसा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, गायचं तर एकदाच, आणि तेही जपून. म्हणून पडदा उघडण्याआधी मी स्पष्ट सांगितलं, "कलाकाराची तब्येत बरी नाही. रसिकांनी आज कृपया वन्स मोर मागू नये."

पहिल्या रांगेतून काकूंनी माझ्याकडे पाहून हसून मान हलवली. मला वाटलं, त्यांना समजलं.

खोलीला कुलूप लावण्याआधी ती बाई रिकाम्या भिंतींचा निरोप घेते, ते गाणं केतकी त्या दिवशी विलक्षण गायली. लोक डोळे पुसत होते. टाळ्या सुरू झाल्या आणि विंगेतून मला दिसलं, काकूंनी चष्मा काढला. मी हातानं नको नको म्हणून खुणावलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"वन्स मोर!"

मागून आणखी चारपाच जणांनी री ओढली. पेटीवाल्यानं सवयीनं सूर धरला. केतकी गांगरली, पण गाऊ लागली. अंतऱ्यात वर जाताना तिचा आवाज चिरकला. तिनं पुन्हा प्रयत्न केला, तर नुसती हवा बाहेर आली. बाल्कनीत कुणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा, मग पुढची रांग. केतकीचे ओठ हलत होते आणि खाली लोक हसत होते. ती रंगमंचावरच्या सामानाच्या ट्रंकेवर मटकन बसली आणि तिनं ओंजळीत तोंड लपवलं. आम्ही पडदा पाडला. फटीतून मी पाहिलं, काकू अजून तशाच अर्धवट उभ्या होत्या.

संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली हसून रडणारे पिवळे चेहरे. थोड्या वेळानं काकू फोन घेऊन आमच्याकडे आल्या.

"हे मोठ्यानं कसं लावतात रे?"

मी आवाज वाढवून दिला. व्हिडिओची सुरुवातच त्यांच्या आरोळीनं होती. त्यांनी पुढचं बघितलं नाही. तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं. परत एकदा.

"हा माझाच आवाज का?"

"हो, काकू."

"किती खूश आहे ही बाई!" त्या म्हणाल्या. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला. "तू सांगितलं होतंस ना? मला वाटलं, असं म्हणायची पद्धतच आहे. आजारी असली तरी वन्स मोर कुणाला नको असतो, असं वाटलं मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीतली सगळी दारं वाजवली. फोनमधलं आपल्याला कळत नाही म्हणून मला सोबत घेतलं. प्रत्येक दारात त्या एकच सांगत होत्या, "तो व्हिडिओ काढून टाका. माझा आवाज फार भसाडा आलाय त्यात. लाज वाटते हो." केतकीचं नाव त्यांनी कुठंच काढलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारीला या वयात स्वतःच्या आवाजाची पडली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर म्हणाल्या, "अहो काकू, तुमच्यामुळेच तर मजा आलीय त्याला!" काकूही हसल्या. तोंडावर हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "आली ना मजा? आता काढा." चेअरमन म्हणाले, "एवढं काय मनावर घेता?" तर म्हणाल्या, "मनावर नाही घेत. तुम्ही फोन हातात घ्या." समोर पुसल्याशिवाय त्या उंबऱ्यावरून हलत नव्हत्या. जिने चढून उतरून त्यांचे पाय सुजले. पण लोकांनी आधीच पुढे पाठवलेलं परत कसं आणणार?

केतकीनं गाणं सोडल्याचं कळवलं. काकू तिच्या घरी गेल्या, तर सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं. "ती कुणाशीच बोलत नाहीये. तुम्ही तर येऊच नका." काकू खाली येऊन मला म्हणाल्या, "बरोबर बोलल्या त्या."

मग एक दिवस ड्यूटी सुटायच्या वेळी त्या इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलणं झालं ते केतकीनंच मला नंतर सांगितलं.

"माफी मागायला आलेय," काकू म्हणाल्या. "असू दे म्हणू नकोस. राग असेल तर सांग."

"लोक हसले त्याचा राग नाही, काकू. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण तुम्ही समोर इतक्या आनंदात होतात, तुमचा हिरमोड करवेना."

काकूंनी फाटकाचा गज धरला. "यापुढं कर," म्हणाल्या. "माझा कर, कुणाचाही कर."

केतकीचा गळा सुधारायला पावसाळा उलटला. ती तालमींना परत आली आणि आम्ही पुन्हा प्रयोग लावला. काकूंनी या वेळी बाल्कनीतली शेवटची रांग घेतली. ते गाणं झालं, टाळ्या झाल्या आणि अंधारातून एक पुरुषी आवाज आला, वन्स मोर. केतकीनं हात जोडले, हलकेच मान हलवली आणि पेटीवाल्याला पुढं चला म्हणून खूण केली. नाटक पुढं गेलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

जिन्यात काकू भेटल्या. "बघितलंस? नाही म्हणाली!"

"आणि गाणं कसं वाटलं?"

"गाणं चांगलंच झालं असणार रे. मी नुसती घाबरून बसले होते. ऐकलंच नाही."

त्यानंतर मी त्यांना कुठल्या नाटकाला पाहिलं नाही. गुडघे दुखतात म्हणायच्या. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा त्या भाचीकडे बदलापूरला राहायला गेल्या आणि वर्षभरात तिथंच वारल्या.

केतकी आणि मी भाचीला भेटायला गेलो. चहा झाला. बोलण्यासारखं फार नव्हतं. समोरच्या घरात कुणी नवशिकं सारेगम घोटत होतं, वरच्या 'सा'वर दर वेळी अडखळत होतं.

"रोजचाच ताप आहे," म्हणत भाची खिडकी लावायला उठली.

"राहू द्या," केतकी म्हणाली. तो सूर लागेपर्यंत आम्ही तिघं ऐकत बसलो.