समुद्रातला गॅस आणि आमच्या पऱ्हाट्या

पेपरातल्या बातमीवर माझा विश्वास नाही. का नाही, ते एकदा लिहून टाकते.

मुंबईच्या समुद्रात तेल आणि गॅस असल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. आम्ही सोनाळ्याला राहायचो. माझा एक चुलतदीर संग्रामपुरातून जिल्ह्याच्या पेपरला बातम्या पाठवायचा. मुंबईच्या पेपरात आलं होतं, की समुद्राखाली गॅस असावा, पण किती ते खोल खोदून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. यानं खोदणं गाळलं आणि शंकाही गाळली. आमच्या पेपरात मोठ्या अक्षरात छापून आलं, गॅसचा अफाट साठा सापडला, आता खेडोपाडी गॅसच्या शेगड्या.

पुतण्यानं लिहिलेली म्हणून सासऱ्यांनी ती बातमी येईल त्याला वाचून दाखवली. मग त्यांची नजर अंगणातल्या पऱ्हाट्यांच्या गंजीवर गेली. कापसाचा शेवटचा वेचा झाला की आम्ही बाया पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायचो. हातांची सालटं निघायची. त्याच जळणावर पावसाळाभर चूल चालायची. त्यात त्या वर्षी माझी धाकटी जाऊ आषाढात बाळंत व्हायची होती. बाळंतिणीला आणि बाळाला शेक लागतो, ऊन पाणी लागतं. कोरड्या जळणाशिवाय यातलं काही होत नाही.

"हा कचरा आता कायले पाह्यजे?" सासरे म्हणाले. "वीटभट्टीवाला मागून राह्यला."

"मामाजी, गॅस घरात येऊ द्या, मंग गंज द्या."

"पेपरात छापून आलं ना? तू चौथी शिकलेली, अन् मले शिकवून राह्यली काय?"

गाड्या भरून गंज गेली.

आषाढात पावसाची झड लागली. जावेला मुलगा झाला, अंगानं किरकोळ. जळायला ओल्या तुराट्या आणि बाभळीच्या फांद्या. खोलीत नुसता धूर. पाणी तापेना, शेगडीत निखारा धरेना. सासरे भिजत भट्टीवर गेले, पऱ्हाट्या परत मागायला. भट्टीवाला हसला.

"बुवा, तुमच्या पऱ्हाट्याच्या तं इटा झाल्या."

मग सासऱ्यांनी गोठ्यातली जुनी लाकडी गव्हाण फोडून दिली. ती जळून गेली आणि पुन्हा धूर सुरू झाला. पोराची छाती भरली. संग्रामपूरला दवाखान्यात नेलं, तिथं ते वाचलं. पण छातीतली घरघर गेली नाही.

त्याच सुमारास त्याच पेपरात आतल्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली दोन ओळी आल्या. गॅसच्या साठ्याची अजून खात्री झालेली नाही म्हणे. चूक झाली असं त्यात कुठंच नव्हतं. या ओळी सासऱ्यांनी कुणाला वाचून दाखवल्या नाहीत. खोट्याला अर्धं पान आणि खऱ्याला बोटभर जागा. मला त्या पेपराची शिसारी आली, ती आजही आहे.

बारशाला तो बातमीवाला चुलतदीर आला, इस्त्रीचे कपडे घालून.

"काय वहिनी, बोलत नाही? रागावल्या काय?"

"भाऊजी, गॅस सापडला म्हून तुमाले कोणं सांगतलं?"

"असं कोणी सांगत नसते, वहिनी. नुसता अंदाज आहे म्हून लिहिलं तं पेपर कोण घेते? अन् गंज विका, असं मी काकाले म्हटलं होतं काय?"

मी पाळण्यातून पोरगं उचललं आणि त्याची छाती दिराच्या कानाला लावली.

"ऐका."

त्यानं ऐकलं. मान मागं घेतली.

"सर्दी दिसते."

"जळण नव्हतं म्हून झालं हे. हे लिहा आता. तसंच मोठ्या अक्षरात."

"वहिनी, याची काय बातमी होते?"

मी पोरगं जावेच्या मांडीवर दिलं. दिराच्या पुढ्यातलं घुगऱ्यांचं ताट उचललं आणि सासऱ्यांच्या देखत त्याला दार दाखवलं. त्यांनी त्याला थांब म्हटलं नाही.