काकूंच्या फाइलीतलं स्टिकर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडतंय का माझं? असेल.

मी भोपाळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. आमच्या वॉर्डात लघवीच्या नळ्या दोन तऱ्हेच्या. साधी दोन आठवड्यांत बदलायची. दुसरीवर चांदीचा लेप असतो, जंतू सहज धरत नाहीत, ती चार आठवडे ठेवतात. कोणती घातली हे कळावं म्हणून पाकिटावरचं स्टिकर फाइलीत चिकटवायचं. पुढच्या पाळीची सिस्टर नळी बघत नाही, स्टिकर बघते.

इंद्रपुरीतल्या आमच्या शेजारच्या काकू खुब्याचं हाड मोडून आल्या. याच काकूंनी त्यांच्या मुलाशी ठरत आलेलं माझं लग्न मोडलं होतं. लोकांचं गू-मूत काढणारी मुलगी माझ्या स्वयंपाकघरात नको — सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या. मी विसरले होते, निदान मला तसं वाटत होतं. आणि आता त्याच काकू बाजूच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "ये हमारी अपनी बच्ची है, सब इसी के हाथ से करवाऊँगी."

अपनी बच्ची? तेव्हा कुठे गेली होती?

लेपाची नळी माझ्या हातात होती. तिच्या पाकिटावरचं स्टिकर तेवढं काढून फाइलीत चिकटवलं, नळी परत कपाटात ठेवली — आणि साधी घातली. काकूंना म्हटलं, चांदीची आहे हं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे कौतुकानं सांगायच्या. मी मनातल्या मनात हसायचे.

दोन आठवडे झाले, कुणी नळी बदलली नाही. का बदलतील? तिसऱ्या आठवड्यात काकूंना हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी फाइल पाहिली, लेपाची नळी आहे, चार आठवडे कुठे झालेत म्हणाले, आणि छाती तपासली, टाके तपासले. मी बाजूलाच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं — एकच. तीन दिवस मी त्यांच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, त्या मला आशीर्वाद देत राहिल्या. चौथ्या दिवशी गेल्या.

नोकरी जाईल या भीतीनं गप्प बसले, असं म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. त्यांचा ताप चढत होता आणि मला बरं वाटत होतं.