पंचनाम्याआधी

त्या मंगळवारी सकाळी जेसीबीने आमच्या दफनभूमीचा पूर्वेकडचा कोपरा खणला आणि आईची कबर उकरली. शेतरस्त्यासाठी मुरूम हवा होता. दोन ट्रॉल्या रस्त्यावर पडल्याही होत्या.

मी आणि धाकटा भाऊ पोचलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. आमच्यातल्या बहुतेकांप्रमाणे आईच्याही कबरीवर दगडी पाटी नव्हती. मातीचा उंचवटा, कडेने चुना लावलेले दगड आणि एक लाकडी क्रूस, एवढंच होतं. क्रूस मोडून पडला होता. आधी पेटीची फळी दिसली, मग हाडं.

एकदा मातीला दिलेलं माणूस आमच्यात उघड्यावर ठेवत नाहीत. भावाने पाळकांना बोलावलं, मी घरून धुतलेली चादर आणली. सापडलं तेवढं आम्ही तीत गोळा केलं. पाळकांनी प्रार्थना केली आणि दुपारच्या आत तिला पुन्हा पुरलं. भावाने माती चोपली, क्रूसाला खिळे ठोकले, दगडसुद्धा ओळीत लावले. इतकं नेटकं काम त्याने आयुष्यात दुसरं केलं नसेल.

मग मी पोलिस ठाण्यात गेले. शाळेत ग्रंथपाल होते, त्यामुळे कलम वाचूनच गेले. दफनाच्या जागेत घुसून मृताची विटंबना करणं हा गुन्हा आहे. मात्र भावना दुखावण्याचा हेतू किंवा त्या दुखावतील याची जाणीव दाखवावी लागते. मला कुणाला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. आईच्या डाव्या पायाचं एकही हाड आम्हाला मिळालं नव्हतं, आणि गुन्हा नोंदवल्याशिवाय तो रस्ता कुणी उकरून बघणार नव्हतं.

हवालदार माझ्याबरोबर आले. कबरीभोवती एक चक्कर मारून थांबले.

"बाई, पंचनामा कशाचा करू? कबर तर जागच्या जागी हाय."

मी सकाळपासूनचं सगळं सांगितलं. फोटो काढलाय का, असं त्यांनी विचारलं. काढला नव्हता. आईचा तसा फोटो कोण काढेल?

"मंग ठेकेदार म्हनंल, बाईंनीच उकरली अन् बाईंनीच बुजवली. तुमच्याच अंगाशी येईल."

ते हे आपुलकीने बोलले, म्हणून जास्त लागलं.

ठेकेदाराने जबाब दिला की पाटी नव्हती, माळ समजून खणलं. क्रूसाबद्दल त्याला कुणी विचारलं नाही. गुन्हा नोंदवला गेला नाही; मला माझ्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत मिळाली. पाळक म्हणाले, क्षमा करावी. ती मागायला कुणी आलं नव्हतं.

महिन्याभरात मुरमावर रोलर फिरला, वर डांबर पडलं. आई दफनभूमीत आहे. तिचा डावा पाय रस्त्याखाली आहे.