गट नंबर एक्केचाळीसचं कुंपण

नागावच्या मागच्या अंगाला जी आळी आहे, तिथे सध्या कोण मोबाईलवर काय खेळतंय हे जाणून घ्यायचं असेल तर विठोबाच्या ओट्यावर बसावं. सत्तरी गाठलेला, कारखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावण्यात पटाईत. आणि मत मागावं लागत नाही, ते फुकट मिळतं.

शेजारचा हितेश बंदुकांचा खेळ खेळतो. "शंभर माणसं इमानातून उड्या मारतात नि एकमेकांना गोळ्या घालतात," विठोबा सांगतो. "कशापायी? कारणच न्हाय! वळख न्हाय, भावकी न्हाय, बांधाचा वाद न्हाय, नि थेट जीव घ्यायचा. ह्याला काय अर्थ हाय?" विठोबाची सून प्रणाली पर्यटकांसाठी मागच्या दोन खोल्या चालवते आणि मोकळ्या वेळात रंगीत गोळ्यांच्या रांगा लावते. तिच्या खेळाबद्दल त्याचं म्हणणं एवढंच, की इतकी हुशारी तिने पाहुण्यांच्या चादरी मोजण्यात दाखवली असती तर दोन चादरी पुण्याला गेल्या नसत्या.

त्याला स्वतःला पटलेला खेळ एकच, शेतीचा. तो प्रणालीनेच घालून दिला होता, सासऱ्याने पाहुण्यांना धरून गट नंबर एक्केचाळीसची कथा सांगू नये म्हणून.

ती कथा अशी. गट नंबर एक्केचाळीस, हिस्सा एक विठोबाचा, हिस्सा दोन त्याचा चुलतभाऊ बुधाजी याचा, आणि मध्ये एक बांध. तो बांध कोणी किती कोरला यावर दोघे चौतीस वर्षं भांडले. एक वेळ लावणी चुकेल, पण तारीख चुकायची नाही. अलिबागला कोर्टात जायला एसटी एकच, तेव्हा दोघे एकाच बाकावर बसून जात, मध्ये कागदांची पिशवी ठेवून. पिशवी कोणाच्या बाजूला जास्त सरकली यावरही वाद होई. वकील बदलले, न्यायाधीश बदलले, बाक तोच राहिला.

अकरा वर्षांपूर्वी पोरांनी मिळून दोन्ही हिस्से मुंबईच्या एका पार्टीला विकले. पार्टीने बंगला बांधला आणि नेमका बांधाच्या जागी पोहण्याचा तलाव खणला. खटला मागे घेतला गेला. त्या दिवसापासून दोघांना एकमेकांशी बोलायला काही कारणच उरलं नाही. आळीत दोघांच्या दारांमध्ये पाच घरं, पण बोलणं बंद. गावानेही नियम पाळला, की एकाची बातमी दुसऱ्याच्या कानावर घालायची नाही. विठोबाला करमत नव्हतं. हे त्याने कधी कबूल केलं नाही, पण नव्हतं करमत.

तर खेळ. खेळात प्रत्येकाला शेत मिळतं आणि जवळपास राहणारा कोणीतरी खेळाडू शेजारी म्हणून मिळतो. विठोबाने स्वतःचं नाव लिहिलं होतं 'विठोबा ४१/१'. महिनाभराने कुंपणापलीकडे टोपीवाला एक बाहुला येऊन उभा राहिला. डोक्यावर नाव, 'बुधाजी ४१/२'.

विठोबा ओट्यावरून उठून उभाच राहिला. "आला!" तो ओरडला. प्रणालीला वाटलं पाहुणे आले.

खेळाचा एक नियम होता. शेजारी सलग तीन दिवस शेताकडे फिरकला नाही, तर पुढे महिनाभर कुंपण रोज एक चौकोन त्याच्या बाजूला सरकवता येतं. हा नियम वाचून विठोबाला कंपनीबद्दल फार आदर वाटला. कोर्टाला जे चौतीस वर्षांत जमलं नाही ते यांनी तीन दिवसांत बसवलं होतं. तरीही त्याने खेळाला पाचपैकी एकच तारा दिला आणि प्रणालीकडून अभिप्राय लिहून घेतला, "खेळ उत्तम आहे. पीक जोमदार येते. परंतु मोजणीची सोय नाही व सातबारा मिळत नाही. शेजारी निवडताना चौकशी करावी." कंपनीचं उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' विठोबाने ते छापून आणलं आणि जुन्या खटल्याच्या कागदांत लावून ठेवलं.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला दोन बाहुले कुंपणाशी हजर. एक आपल्या वांग्यांना पाणी घाली, दुसरा आपल्या भाताला, आणि दोघे एकमेकांवर डोळा ठेवून उभे राहत. विठोबाचा चहा त्यानंतरच व्हायचा.

मग एका सोमवारी बुधाजीचा बाहुला आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी पलीकडचं भात पिवळं पडलं, आणि विठोबाच्या पडद्यावर घंटा वाजून पाटी आली, 'कुंपण सरकवायचे?'

ज्या क्षणाची त्याने उभा जन्म वाट पाहिली तो हातात होता. बोट लावायचाच अवकाश. विठोबाने बोट उचललं, परत मागे घेतलं. माणूस आजारी असला तरी शेत सोडणाऱ्यातला बुधाजी नव्हता. एकदा एकशे दोन ताप अंगात घेऊन तो तारखेला आला होता. विठोबा चपला न घालताच निघाला आणि अकरा वर्षांत न चाललेली पाच घरं चालून गेला.

बुधाजी काळा चष्मा लावून खाटेवर बसला होता. पनवेलला मुलाकडे जाऊन मोतीबिंदू काढून सकाळीच परतला होता. दुसऱ्या डोळ्याचा उजेड आधीच बेताचा, आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस मोबाईल बंद केला होता.

"कोण हाय?"

"मी. तुझं भात करपलं."

बुधाजी ताठ झाला. "इठ्या! कुंपणाला हात लावलास तर याद राख."

"तीन दिस झालं. नेमानं माझं हाय." विठोबाने आवाज चढवला. "घरात कुणी पाणी घालणारं न्हाय?"

"मला न्हाय कळत त्यातलं," बुधाजीची बायको नीराबाई आतून म्हणाली. तिने तांब्याभर पाणी आणि बुधाजीचा मोबाईल, दोन्ही विठोबासमोर ठेवलं. वैऱ्याच्या हाती शेत द्यायचं, की पीक गमवायचं? शेवटी बुधाजी म्हणाला, "घाल पाणी. पन भाताला बेतानं."

विठोबाने पाणी घातलं. भात हिरवं झालं. मग मोठ्याने म्हणाला, "कुंपण मात्र सरकवलं हां मी. एक चौकोन."

बुधाजीने जी शिवी दिली ती अकरा वर्षं मुरलेली होती. विठोबा हसत घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा हजर. पंधरा दिवस हेच. पाणी घालायचं, आणखी एक चौकोन सरकवल्याचं जाहीर करायचं, शिव्या खायच्या, नीराबाईचा चहा घ्यायचा. बुधाजीच्या तोंडावर रंग चढत गेला.

सोळाव्या दिवशी सकाळी विठोबाच्या ओट्यावर काठी आपटली. काळा चष्मा कपाळावर, मोबाईल हातात, बुधाजी स्वतः आला होता.

"खोटारड्या! कुंपण व्हतं तिथंच हाय!"

"मंग?"

"मंग मी पंधरा दिस शिव्या कशापायी घातल्या?"

विठोबाने ओट्यावरची जागा हाताने झटकली, मध्ये ठेवायला जुन्या खटल्याची पिशवी घेतली आणि थोडा सरकून बसला. "बस. उद्या सरकवतो."

बुधाजी बसला. पिशवी त्याने दोन बोटं विठोबाकडे ढकलली.

"नक्की?"

"नक्की," विठोबा म्हणाला, आणि दोन चहा टाकायला सांगितले.