दोरीने घुसळायचा दिवा

कट्ट आवाज झाला आणि दिव्याचं हँडल तुटून गोकर्णाबाईंच्या हातात आलं. चाचणी सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटं झाली होती.

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं घर. गावात विजेचे खांब होते, पण वीज भरवशाची नव्हती. मी खामगावच्या एका लहान कारखान्यात डिझाइन इंजिनिअर. हाताने चालणारा स्वस्त दिवा बनवायचं काम माझ्याकडे होतं. आत छोटी मोटर. ती फिरवली की वीज तयार होते, बॅटरीत साठते आणि एलईडी लागतो. कागदावर सगळं बरोबर होतं.

"तुम्ही जरा जोरात फिरवलंत," मी म्हटलं.

"जोर नाही तं काय करू? हळू फिरवलं तं बॅटरी भरत नाही, जोरानं फिरवलं तं मोडते," त्या म्हणाल्या. "अन् सारा भार एकाच मनगटावर. भाकरी थापून आधीच दुखून राह्यलं ते."

त्या उठल्या आणि कोपऱ्यातली ताकाची रवी घेऊन आल्या. "हे पाहा. दोरी दोन्ही हातानं ओढतो. घंटाभर घुसळलं तरी काही होत नाही. तुमचा दिवा असा काऊन नाही चालत?"

परतताना बसमध्ये मी वहीत रवीच काढत बसले. अडचण एकच होती. रवी एकदा इकडे फिरते, एकदा तिकडे. वीजही तशीच उलटसुलट येणार, आणि बॅटरीला ती चालत नाही. उपाय मात्र जुनाच. ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे चार डायोडची जोडणी. वीज कुठल्याही बाजूने आली तरी बाहेर एकाच दिशेने जाते. आठवड्यात दोरीच्या दिव्याचा नमुना तयार झाला.

आमचे साहेब, देशमुख, ऐकेनात. "मॅडम, सोमवारी हँडलच्या दिव्याचे साचे बनायला जातायत. आता बदल नको."

"सर, त्याआधी दोन्ही दिवे एकदा स्वतः चालवून बघा. गोकर्णाबाईंच्या घरी."

ते आले. भर दुपारी दार लावून घर अंधारं केलं. साहेबांनी हँडल हातात घेतलं. दुसऱ्या मिनिटाला हात बदलला, चौथ्या मिनिटाला थांबले. मग दोरी घेतली. बोलता बोलता सात मिनिटं ओढत राहिले.

"साहेब, लोणी आलं का?" गोकर्णाबाईंनी विचारलं. जमलेल्या बाया हसल्या. साहेबही हसले.

मी बटण दाबलं. त्या उजेडात गोकर्णाबाईंनी सुई घेतली आणि एका दमात दोरा ओवला. "दिसून राह्यलं बरं!" त्या म्हणाल्या.

साहेबांनी तिथूनच कारखान्यात फोन लावला. "साचे थांबवा."

आज त्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत आमचा दिवा आहे. त्याच्या ड्रॉइंगवर डिझायनरच्या रकान्यात दोन नावं आहेत. साहेबांनी विचारलं होतं, "बाईंचं क्वालिफिकेशन काय लिहायचं?"

"रोज ताक करतात," मी म्हटलं.

तेवढं त्यांनी लिहिलं नाही, पण बाईंचं नाव राहू दिलं. हाताने चालणारं यंत्र बनवायचं तर ते कोणाच्या हातात जाणार आहे, हे आधी बघावं. मी मात्र मोटर आधी निवडली होती.